जू, जुळे आणि तबकडी

आपल्याकडे ‘डीजे’ हा आता माणूस राहिलेला नाही. ‘मिरवणुकीत डीजे लावला’, ‘डीजेवर बंदी आली’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ती ट्रॉलीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत. माणसाचे नाव यंत्राला चिकटले आणि माणूस गळून पडला. मूळ ‘डिस्क जॉकी’मधला जॉकी म्हणजे शर्यतीचा घोडेस्वार. ‘जॉक’ हे ‘जॅक’चे स्कॉटिश रूप, त्याला लाडाचा प्रत्यय लागून हा शब्द झालेला दिसतो. ‘डिस्क’ ही ग्रीकांची थाळीफेकीची थाळी. इंग्रजीतली डिश आणि डेस्क ही तिचीच भावंडे. एकूण, थाळीवर मांड ठोकलेला स्वार!

हा जुना स्वार नवशिका असताना पहिल्यांदा शिकतो ते बीटमॅचिंग, म्हणजे मराठीत सहज तोंडी येईल ते ‘बीट जुळवणे’. ‘जुळवणे’च्या मुळाशी संस्कृत ‘युगल’ असावे. प्राकृतात त्याचे ‘जुअल’ झाले आणि पुढे आपले ‘जुळे’. ‘युगल’च्या मागे ‘युग’, म्हणजेच बैलांच्या मानेवरचे ‘जू’. इंग्रजी ‘योक’ आणि लॅटिन ‘युगुम’ त्याच घराण्यातले. सत्ययुग-कलियुगातले ‘युग’ही अक्षराने तेच, कालगणनेत ते कसे शिरले हा वेगळ्या लेखाचा विषय. ‘जुगलबंदी’त मात्र गंमत आहे. पूर्वपद संस्कृत, उत्तरपद फारसी. पण फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बंध’ ही सख्खी भावंडे, तेव्हा हा संकर घरातल्या घरातच झाला म्हणायचा.

जुगलबंदीतले दोघे कलावंत एकमेकांचे ऐकून सावरून घेतात. दोन टर्नटेबलांवरच्या तबकड्यांना कान नसतात, ऐकायचे ते तिसऱ्याने. एक गाणे सभागृहात वाजते आहे, दुसरे फक्त हेडफोनच्या एका कपात. पहिल्याचा वेग मिनिटाला 126 ठोके, दुसऱ्याचा 120. तर दुसऱ्याचा पिच-स्लायडर पाच टक्के वर सरकवायचा. 1979 मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-1200 एमके2 या यंत्रावर ही मुभा अधिकउणे आठ टक्क्यांची होती. वेगाबरोबर सूरही चढतो. सुमारे सहा टक्के वाढवले की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते, म्हणून तंबोऱ्याशी ज्यांचा कान बांधलेला आहे त्यांना हा खेळ सुरुवातीला जाचतोच. मग तबकडी बोटाने धरून ठेवायची, खालची नमद्याची चकती मात्र फिरत्या ताटावर घसरत राहते, आणि नेमकी समेला सोडायची. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत चालणाऱ्या ‘सँक्च्युअरी’ या क्लबात फ्रान्सिस ग्रासो याने 1970 च्या आसपास ही रीत रूढ केली. ‘सम’ म्हणजे सारखे. इंग्रजी ‘सेम’ आणि ‘हमदर्द’मधला फारसी ‘हम’ हे तिचेच आप्त. ‘हमाल’ मात्र नव्हे, तो अरबी ‘हम्ल’ म्हणजे ओझे या शब्दातून आलेला. समा हुकल्या की दोन्ही ढोल एकमेकांवर आदळू लागतात. इंग्रजी बोलणारे डीजे याला घोड्याची दौड म्हणतात (जॉकी इथे पुन्हा भेटला), आपण ‘बेताल’ म्हणू. तोही शब्द मिश्रच, ‘बे’ फारसी आणि ‘ताल’ संस्कृत.

आता तबकडी. शेजारी तबला ठेवला की दोघे एकाच आईचे वाटतात, पण तबल्याचे मूळ अरबी ‘तब्ल’, म्हणजे नगारा; तबकडीचे ‘तबक’, म्हणजे ताट किंवा थर. ‘डी’ हा आपला लघुत्वाचा प्रत्यय. पुस्तकी ‘ध्वनिमुद्रिका’ मला एकेकाळी रुक्ष वाटे. पण ‘मुद्रा’ हा शब्द प्राचीन इराणीतून संस्कृतात आला असावा, आणि फारसी ‘मुह्र’ म्हणजे आपली ‘मोहर’ तिची बहीण दिसते. 1948 मध्ये लाँगप्ले आली तोपर्यंत तबकड्या बहुतांशी शेलॅकच्या असत, आणि शेलॅकमधला ‘लॅक’ म्हणजे आपली लाख, लाक्षागृहातली ‘लाक्षा’. लाखेवर मोहर उठवून बंद केलेले पत्र तो ‘लाखोटा’. तप्त लाखेवर साच्याने खाचा उमटवलेली तबकडी ही तर शब्दशः मुद्रिका झाली! पुढे लाख गेली आणि व्हायनिल आले. त्याचे नाव रसायनशास्त्राने लॅटिन ‘विनुम’ म्हणजे द्राक्षमद्यावरून घेतले. तबकड्यांची पुढची वस्ती नाचाच्या क्लबांत झाली, हा योगायोग मला आवडतो.

पण खरे कोडे ‘तबक’च्या धातूत आहे. अरबी त-ब-क या त्रयीचा गाभा ‘एकावर एक नेमके बसणे’ असा दिसतो. ताटावर ताट बसते, थरावर थर. समाजाचा थर तो ‘तबका’. आणि त्याच धातूचे ‘मुताबिक’, म्हणजे जुळणारे, अनुरूप. तबकडीच्या पोटातच ‘मॅच’ दडलेला होता म्हणायचा! तरीही बीट जुळवण्यासाठी ‘मुताबिक’ आणि ‘जू’ या दोघांत निवड करायची तर माझा कौल जुवाला. मुताबिक झालेल्या वस्तू बसल्या की बसल्या. तबकड्या तशा बसत नाहीत. 126 पुढचा एक दशांशही काही मिनिटांत फरक दाखवतो, म्हणून जो पुढे धावेल त्याच्या ताटाच्या कडेला बोट टेकवून रोखायचे, मागे रेंगाळेल त्याला लेबलापाशी किंचित ढकलायचे. बैलजोडी हाकणारा औताच्या मागून हेच करत असतो.

बीट जुळले की दोन्ही गाणी एकमेकांत मिसळायची, त्या ‘मिक्स’चा प्रश्न सोपा. लॅटिन ‘मिस्केरे’, संस्कृत ‘मिश्र’ आणि फारसी ‘आमेख्तन’ एका कुळातली. अरबी ‘मिज़ाज’ मात्र वेगळ्या कुळातला, तरी त्याचाही मूळ अर्थ मिश्रण हाच. शरीरातल्या चार रसांचे मिश्रण म्हणून स्वभाव, आणि मराठीत येईतो त्याची ‘मिजास’ झाली. पहिले मिश्रण जमलेल्या नवशिक्याकडे पाहा, दोन्ही अर्थ एकदमच दिसतील.