आपल्या पुस्तकांच्या कपाटाची गोष्ट

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या वाचनालयाचा इतिहास लिहा, असं समितीने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. कारण ते बंद झालं तेव्हा सेक्रेटरी मीच होतो.

पण हा इतिहास आपल्या गेटपाशी सुरू होत नाही. तो सुरू होतो ठाणे गावात, 1 जून 1893 रोजी. त्या दिवशी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. त्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून मराठी वाङ्मयाचा इतिहास मांडणारे भावे ते हेच. तेव्हा त्यांचं वय होतं 21. (आपल्या वार्षिक सभेला 21 वर्षांचं कुणी फिरकत तरी का?) वाचनालयं त्याआधीही होती, रत्नागिरीचं तर 1828 चं. पण इथे खास मराठी ग्रंथांचा संग्रह करायचा, हा आग्रह होता. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर, 1898 मध्ये निघालं.

इकडे घोडबंदर रोडला राहायला येण्याआधी आम्ही गावातच होतो आणि घरात वाचनालयाचं कार्ड होतं. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची, एक पुस्तक आणि एक मासिक घरी आणायचं. पेपर तिथेच बसून वाचायचे. दिवाळीनंतर थोडे जादा पैसे भरले की अंकांची चंगळ! ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक 1909 मध्ये निघाला, तेव्हापासून मराठी माणसाला हे व्यसन आहे आणि सगळे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही.

इथे आल्यावर मात्र एक पुस्तक बदलायचं तर बस, रिक्षा आणि अर्धा दिवस. हळूहळू एकेकाचं कार्ड बंद पडलं. तेव्हा बी विंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना आपण सगळे बाई म्हणायचो, त्यांनी ऑफिसशेजारच्या खोलीत एक गोदरेजचं कपाट मांडलं. पुस्तकं घराघरातून गोळा केली. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहा ते सात त्या रजिस्टर घेऊन बसत. दिवाळीत दर घराने एक अंक घ्यायचा आणि चार-चार दिवसांनी फिरवायचा, हीसुद्धा त्यांचीच योजना. उशीर झाला की दंड एक रुपया. माझ्याकडूनही घेतलाय.

बाई मुलीकडे बडोद्याला गेल्या, आठ महिन्यांसाठी. त्यांच्या जागी बसायला कुणी तयार होईना. मीही नाही. मी एक नोटीस लावली: ‘कपाट उघडं आहे, हवं ते न्या, वाचून परत ठेवा.’ मला वाटलं होतं, सोय वाढली. चार महिन्यांत निम्मं कपाट रिकामं झालं. पावसाळ्यात खालच्या कप्प्याला वाळवी लागली. मग कुरियरची पार्सलं ठेवायला खोली हवी, असा ठराव आला आणि उरलेली पुस्तकं मी रद्दीवाल्याला किलोवर दिली. पावतीवर सही माझी आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. वर्ग ठरवताना पुस्तकं किती हे पाहतातच, पण ग्रंथालय रोज किती तास उघडं असतं हेही पाहतात. हे मला फार उशिरा कळलं. आपल्या कपाटाला दार होतं, कुलूप होतं, पुस्तकं होती. बाईंचा तो आठवड्यातून दोनदाचा एक तास मी हिशेबातच धरला नव्हता.

परत आल्यावर त्या मला काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, “रजिस्टर तरी ठेवलंयत ना?”

ठेवलंय. परवा काढून पाहिलं. बाईंच्या अक्षरात 43 पुस्तकांपुढे ‘परत’ची तारीख नाही. त्यातली दोन माझ्याच घरात सापडली. बाकीची ज्यांच्याकडे असतील त्यांनी माळे, बेडचे बॉक्स जरा पाहावेत. पुस्तकं माझ्याकडे आणून द्या. पुढच्या बुधवारपासून सहा ते सात मी त्या खोलीत बसणार आहे, पार्सलं जरा सरकवून. दंड घेणार नाही.