सॅमनच्या पोटातली सुई

१९८७ साली नॉर्वेने आपल्या पाळीव सॅमन माशांना जवळजवळ ५० टन प्रतिजैविके खाऊ घातली. त्या वर्षीचे सॅमनचे उत्पादन होते सुमारे ५० हजार टन. टनभर माशामागे किलोभर औषध!

हा धंदा तेव्हा उणापुरा सतरा वर्षांचा होता. १९७०मध्ये हित्रा बेटावर ग्रोन्तवेत बंधूंनी तरंगत्या पिंजऱ्यात सॅमन वाढवून दाखवला आणि किनाऱ्यावरच्या गावोगावी पिंजरे पडले. दाटीत रोग येणारच. दशक सरता सरता थंड पाण्यात बळावणारा एक जिवाणूरोग उपटला. त्यालाही हित्राचेच नाव चिकटले. पाठोपाठ १९८५मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर फुरंक्युलोसिस आला. यात माशाच्या अंगावर गळवे येतात आणि पिंजरेच्या पिंजरे मरतात.

गंमत अशी, की या दुसऱ्या रोगावरचा उपाय चाळीसेक वर्षांपूर्वीच कुणाला तरी सुचला होता. १९४२मध्ये कॅनडातल्या डफ या संशोधकाने क्लोरोफॉर्मने मारलेले याच रोगाचे जिवाणू ट्राउट माशांना खाद्यातून चारले, तेव्हा त्यांच्यातली मर घटली. पण लवकरच सल्फा औषधे हाती आली आणि माशाला लस देण्याचा विचार मागे पडला. खाद्यात औषध कालवणे सोपे, शिवाय गुण लगेच दिसतो. अमेरिकेत माशांच्या पहिल्या लशीला परवाना मिळायला १९७६ साल उजाडले.

हित्रा रोगाची लस पाण्यात कालवून त्यात पिल्ले बुडवली तरी भागत असे. फुरंक्युलोसिस तेवढ्याने बधेना. त्यासाठी तेलात घोटलेली लस थेट पोटात टोचावी लागली. म्हणजे लाखो पिल्ले एकेक करून भुलीच्या पाण्यात टाकायची, हातात धरायची, सुई मारायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची! हे काम करणाऱ्या टोळ्याच तयार झाल्या. यंत्रे मागाहून आली. वेळही साधावी लागे. माशाचे अंग पाण्याइतकेच गार, त्यामुळे प्रतिकारशक्ती किती दिवसांत येणार हे पाण्याच्या तापमानावर ठरते. तिचा हिशेब अंश गुणिले दिवस असा मांडतात: १० अंशांच्या पाण्यात पन्नास दिवस, म्हणजे ५००. समुद्रात सोडण्याआधी हे गणित पुरे व्हायला हवे.

तेलाने त्रासही दिला. पोटात दाह होऊन आतडी एकमेकांना चिकटत, वाढ खुंटे. पुढे मात्रा कमी केली गेली, पण तोवर मत्स्यशेतकऱ्यांनी हा तोटा मुकाट सोसला, कारण पिंजऱ्यातली मर थांबली होती. १९९४पर्यंत प्रतिजैविकांचा खप दीड टनाच्या आत आला, तर उत्पादन दोन लाख टनांपुढे गेले. सगळे श्रेय लशीला देणे मात्र बरोबर नाही. एका जागी एकाच वयाचे मासे ठेवणे आणि पीक काढल्यावर ती जागा काही काळ पडीक टाकणे, हे नियमही त्याच सुमारास लागू झाले.

सॅमनच्या अंगाला चिकटणाऱ्या समुद्री उवांपुढे मात्र सुईचे काही चालले नाही; त्यांच्यावर परिणामकारक लस अजून निघालेली नाही. म्हणून उवा टिपून खाणारे लम्पफिश जातीचे मासे पिंजऱ्यांत सोडतात. त्यांना फुरंक्युलोसिसच्या जिवाणूचेच भाईबंद गाठतात, आणि मग कामावर जाण्याआधी त्यांच्याही पोटात सुई टोचावी लागते.