आणेवारीचा आकडा : खेडा, १९१८

मुंबई इलाख्याच्या महसूलपद्धतीत पिकाचे मोजमाप रुपयाच्या भाषेत होत असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्या मानाने चालू वर्षी किती आणे पीक उतरेल, याचा अदमास म्हणजे आणेवारी. हा अदमास चार आणे वा त्याहून कमी आला, तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब व्हावयाची. शेतकऱ्याचा बैल गोठ्यात राहतो की विकला जातो, हे या एका आकड्यावर ठरत असल्याने तो कोण काढतो व कशाच्या आधारे, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हता.

१८७६-७८ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रतिनिधींकडून पाऊस, पिके व धान्याचे भाव यांची माहिती मागवून ती सरकारपुढे मांडली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र सभेचे कार्यकर्ते दुष्काळसंहितेतील तरतुदी गावोगाव समजावून सांगू लागले, आणि १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. माहिती वर पाठविणे खपले. ती खाली शेतकऱ्याच्या हाती देणे खपले नाही, असा याचा अर्थ लावावयास हरकत नसावी.

१९१७ च्या अतिवृष्टीने गुजरातमधील खेडा जिल्ह्यात खरिपाची नासाडी झाली. पाऊस प्रमाणाबाहेर पडला, याविषयी वाद नव्हता. त्याने पीक किती नेले, याविषयी होता. पर्जन्यमापक पडलेले पाणी मोजतो, शेतात काय उरले ते मोजत नाही. शेतकऱ्यांच्या मते पीक चार आण्यांच्या आत होते, अधिकाऱ्यांच्या मते त्याहून अधिक. भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी व अमृतलाल ठक्कर यांनी चौकशी केली. गांधीजी व त्यांचे सहकारीही गावोगाव हिंडून पिकांचा अंदाज घेऊ लागले. निःपक्षपाती पंचांकडून आणेवारी तपासून घ्यावी, ही मागणी सरकारने अमान्य केली, आणि २२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथे सत्याग्रहास आरंभ झाला.

या लढ्याच्या वर्णनांत प्रतिज्ञा व जप्ती यांना भरपूर जागा मिळते, त्यामागील पीकचौकशी मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः सरकारी अनुमानाला लोकांनी स्वतः जमविलेल्या आकड्यांनी आव्हान द्यावे, यातच या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे. ते आकडे निर्दोष होते असे नव्हे; सारा वाचावा अशी ज्याची इच्छा, त्यालाच उत्पन्न विचारले जात होते. पण वसुलीची जबाबदारी असलेला अधिकारीही तितकाच हितसंबंधी होता. जूनमध्ये गरीब खातेदारांपुरती तहकुबी मिळून लढा संपला. खरी आणेवारी कोणाची, याचा निवाडा झालाच नाही.

१९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्रात हंगामी पैसेवारी गावात जाहीर करून तीवर हरकती घेण्याची तरतूदही झाली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पैसेवारीवर विसंबून न राहता पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा, जलसाठे व उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती हे निकष पुढे आणले. ऑक्टोबर २०१८ अखेर महाराष्ट्रातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो या निकषांच्या आधारे. चावडीवर लागलेल्या पैसेवारीवर गावकरी हरकत घेऊ शकतो, कारण ते शेत त्याने पाहिलेले असते. उपग्रहाच्या निर्देशांकावर हरकत घ्यावयाची, तर तो कसा काढला हे आधी कोणीतरी त्याच्या भाषेत त्याच्यापुढे मांडावे लागते.