गोंगाटजन्य बहिरेपणा
मोठ्या आवाजाच्या सततच्या माऱ्याने अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केशपेशी मरून येणारा कायमचा बहिरेपणा. प्रत्येक कानात सुमारे १५,००० केशपेशी असतात. नष्ट झालेल्या पुन्हा तयार होत नाहीत. पक्ष्यांत मात्र त्या नव्याने उगवतात, हे १९८० च्या दशकात आढळले. माणसात तसे घडवण्याचे संशोधन चालू आहे.

खानदेशात धुळ्याचे यंत्रमाग, जळगावच्या डाळ गिरण्या अशा ठिकाणी हा धोका संभवतो. श्रवणालेखात (श्रवणचाचणीच्या आलेखात) प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपास खाच दिसते, म्हणजे उच्च वारंवारतेचे आवाज आधी जातात : हाक ऐकू येते, पण गलक्यात ‘स’, ‘श’ निसटतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग समाविष्ट होता. त्याखालील नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा होती. कानात बोळे, यंत्रांना वेळेवर वंगण आणि नियमित श्रवणचाचणी हे प्रतिबंधक उपाय होत.