लुटायला या

लग्न होऊन मी सोलापूरकडून उज्जैनला आले, तेव्हाची पहिली संक्रांत. शेजारच्या मालवी काकीजींना हौसेनं म्हटलं, "शाम को हमारे यहाँ लूटने आइए." त्या दचकल्याच! आपल्याकडे वाण लुटायचं म्हणजे हात सैल सोडून वाटायचं. त्यांच्या कानाला ऐकू आला तो दरोडा.

त्यांचं तरी काय चुकलं? या शहराला तो शब्द महागात पडलाय. जुलै 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी इथं शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडवला आणि शहराकडून जबर खंडणी उकळली. त्याच ऑक्टोबरात शिंद्यांकडच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून उट्टं काढलं. दोन्हीकडचे सरदार मराठीच, बरं का! ही गोष्ट हळदीकुंकवाला कुणी काढत नाही. पुढं 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानीच ग्वाल्हेरला हलवली.

कंपनीच्या काळात गोऱ्यांनी हा आपला शब्द उचलला आणि इंग्रजीत नेला. तिथं तो आधी लढाईतल्या लुटीचा होता. अमेरिकेतल्या बोलीत मात्र नुसत्या पैशाला, भेटवस्तूंनासुद्धा 'लूट' म्हणू लागले. माझा भाचा तिकडून वाढदिवसाचा फोटो पाठवतो, खोक्यांचा ढीग, खाली लिहिलेलं 'माझी लूट'. तो मिळालेलं मोजतो, आपण वाटलेलं मोजतो, एवढाच काय तो फरक.

काकीजी त्या संध्याकाळी आल्या हो. पण गळ्यातला हार घरी ठेवून!