धनी तोच घरमालक

ज्या हातातून पगार येतो त्याच हातात घराची किल्लीही असावी काय, हा प्रश्न आम्हांस गेली तीस वर्षे कामगारांच्या खोल्याखोल्यांतून भेटत आला आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा गेटसभेची आणि सार्वजनिक वाचनालयाची. परंतु या प्रश्नाचा इतिहास मुंबईच्या भिंतींत चिणलेला आहे. तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गरिबाला राहावयास जागा उरली नव्हती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच लोकांच्या तोंडचे बीडीडी, स्थापन झाले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधावयाच्या आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर घेऊन खर्चाला हातभार लावावयाचा, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या; खोल्या १६ हजारांच्या घरात. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत साधारणपणे ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक.

ज्याने राहावयाचे त्याला मात्र कोणी काही विचारले नव्हते. भाडे कामगाराच्या कमाईला जड, वरळी तेव्हा गावाबाहेर. परिणामी तेथील कित्येक चाळी वर्षानुवर्षे ओस पडल्या. १९३२ च्या सुमारास, कायदेभंगाच्या चळवळीत, सरकारने वरळीच्या चाळींतच सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला! घर आणि कोठडी यांत फरक एवढाच, की कडी आतून आहे की बाहेरून.

पुढे शहर वाढले आणि खोल्या भरल्या. गिरणीकामगार आले, तसेच सरकारने आपल्या पोलीस शिपायांनाही तेथे खोल्या दिल्या. एकाच व्हरांड्यात दोन प्रकारचे शेजारी नांदू लागले. एक भाडेकरू; त्याची खोली मुलानातवांकडे जाई. दुसरा नोकर, त्याची खोली निवृत्तीपर्यंतच. दोघांची मुले एकाच नळावर भांडली, एकाच गणपतीपुढे नाचली. भेद होता तो केवळ कागदात.

हा कागदच सरकारी घरांच्या कारभाराचा कणा होय. ज्याचा जसा पगार तशी त्याची घराची श्रेणी. ज्याचा क्रम आधी त्याला घर आधी. भाडे पगारातूनच वळते. पुढे 'भाडे' जाऊन 'परवाना शुल्क' हा शब्द आला. शब्द बदलला की हक्कही बदलतो. भाडेकरूला कायदा असतो, परवानाधारकाला फक्त मुदत. मुंबई राज्याने १९५५ साली सरकारी जागा खाली करून घेण्याचा कायदा केला. पंजाबच्या अशाच कायद्यातील कलम सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द ठरविले. कारण कोणास न्यायालयात न्यावे आणि कोणास अधिकाऱ्याच्या हुकुमाने काढावे, हे सरकारच्या मर्जीवर राहिले होते. १९७१ च्या केंद्रीय कायद्याने ही फट बुजविली, पण ती कशी? दिवाणी न्यायालयाची वाटच बंद केली. निकाल मिळकत अधिकाऱ्याने द्यावयाचा, अपील मात्र जिल्हा न्यायाधीशाकडे. म्हणजे घरमालकाचाच माणूस पहिला न्यायाधीश!

याचा अर्थ संपाच्या वेळी कळतो. ८ मे १९७४ रोजी रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला आणि २७ मे रोजी तो मागे घेतला गेला. त्या दिवसांत संपवाल्यांच्या बायकामुलांना क्वार्टरबाहेर काढल्याच्या घटना घडल्या. पगार थांबला तर माणूस उसनवारी करतो. चूल रस्त्यावर आली की त्याचा कणा मोडतो.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. आमचे वडील सरकारी क्वार्टरमध्ये ३१ वर्षे राहिले. निवृत्तीनंतर खोली सोडावयास पाच महिने उशीर झाला, म्हणून त्यांच्या ग्रॅच्युइटीचा काही भाग दोन वर्षे अडकून पडला. कचेरीचा आम्हांस फार राग आला. पुढे युनियनच्या कामात, तशाच क्वार्टरसाठी नऊ वर्षे यादीत थांबलेला एक तरुण शिपाई भेटला. तो रोज आसनगावाहून येई. "तुमच्या वडिलांसारखेच कोणीतरी माझ्या खोलीत बसले आहेत," तो म्हणाला. आमच्याजवळ उत्तर नव्हते. क्वार्टर मिळावे म्हणून आम्ही मोर्चे काढले. क्वार्टर सुटल्यावर माणसाने कोठे जावे, हे मागण्यांच्या पत्रकात आम्ही कधी लिहिलेच नव्हते.

बीडीडी चाळींचा आता पुनर्विकास होत आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. भाडेकरूंना हे घर विनामूल्य आहे. तेथे राहणाऱ्या पोलिसांच्या घरांची किंमत मात्र आधी ५० लाख, मग २५ लाख आणि शेवटी १५ लाख रुपये, अशी २०२२ या एकाच वर्षात बदलत गेली. तीन आकडे निघाले, यावरूनच दिसते की मुळात नियम नव्हता. होती ती मर्जी.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: प्रतीक्षायादी नोटीस बोर्डावर लागावी, घर सोडण्याच्या तंट्याचा पहिला निकाल तिऱ्हाइताने द्यावा, संपाच्या काळात घराला हात लागू नये, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनच निवृत्तीनंतरच्या घराची तजवीज व्हावी. असे झाले म्हणजे जाणारा माणूस रडत जाणार नाही आणि येणारा आसनगावास अडकून पडणार नाही.