हत्यार दाखवावें कसें?



आजचा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. सुतारकामाचे वर्ग आणि त्यांत हत्यारें चालवून दाखविण्याची रीत, एवढाच तो आहे. परंतु या रीतीला स्वतःचा इतिहास आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यापासून आरंभ करून तो पाहिला तर त्यांतून एक उपयुक्त धडा निघतो.

१८७० सालीं जलंबहून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा आला. कारण खामगांवची कापसाची पेठ मोठी होती. पेठेपर्यंत कापूस यावयाचा तो मात्र बैलगाड्यांतूनच. गाडीचें चाक, नांगर, वखर, तिफण हें सारें गांवच्या सुताराच्या हातचें. तो बलुतेदार, कामाचा मोबदला त्याला खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. त्याच्या मुलासाठीं कोणी वर्ग भरविला नाहीं. बाप जमिनीवर बसून, पायांनीं लाकूड दाबून धरून वाकस चालवी आणि मुलगा शेजारीं बसून तें पाही. या शिक्षणाचे दोष उघड आहेत. विद्या जातीच्या कुंपणाबाहेर पडत नसे आणि बापाला जें येत नसे तें मुलालाही सहसा येत नसे. तथापि एक गुण मोठा होता. पाहणारा करणाऱ्याच्या बाजूलाच बसे; त्यामुळें उजवा हात त्याला उजवाच दिसे. शिवाय धार लावण्यापासून चूक निस्तरण्यापर्यंत कामांतलें कांहींच त्याच्यापासून लपत नसे.

सुतारकामाला शाळेंत मानाची जागा प्रथम युरोपच्या उत्तरेस मिळाली. फिनलंडनें १८६६ सालीं ग्रामीण शाळांतील मुलांसाठीं हस्तव्यवसाय सक्तीचा केला. पुढें स्वीडनमध्यें ऑटो सालोमन यानें सोप्या वस्तूकडून कठीण वस्तूकडे नेणारी नमुन्यांची मालिका रचली. आपल्याकडे १८९० मध्यें सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं बडोद्यास कलाभवन निघालें. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेनें हस्तोद्योगाला प्राथमिक शिक्षणाचा कणा मानलें, आणि झाकिर हुसेन समितीच्या योजनेंत सुतारकामाला स्थान मिळालें. वर्धा आणि बुलढाणा हे दोन्ही जिल्हे तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांतच होते. १९५० मध्यें केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली.

या वर्गांनीं कोणत्याही घरच्या मुलाच्या हातीं रंधा दिला, हें त्यांचें श्रेय थोर आहे. परंतु एक गोष्ट नकळत हरवली. शिक्षक आतां विद्यार्थ्यांच्या समोर उभा राहिला. त्याचा उजवा हात समोरच्या मुलाच्या डाव्या बाजूस आला, आणि मागच्या रांगेंतल्याला तर रंध्याचें पातेंही दिसेनासें झालें.

आतां शिक्षकाच्या जोडीला व्हिडिओ आला आहे. २०१९ मध्यें केंद्र सरकारनें ‘भारत स्किल्स’ हें संकेतस्थळ उघडलें. त्यावर असे पाठ मिळतात. २०२३ च्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेंत सुतारकाम धरून १८ व्यवसाय आहेत. तींत हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ ते ७ दिवसांचें मूलभूत प्रशिक्षण यांची तरतूद आहे. पांच-सात दिवसांत हात बसत नाहीं, हें कोणीही सुतार सांगेल. त्यानंतर ज्याच्यापाशीं उस्ताद नाहीं त्याचा गुरु पडदाच होतो. मग तो पडदा कसा दाखवितो हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाहीं. त्यावर एखाद्याची भाकरी, आणि प्रसंगीं त्याचीं बोटेंही, अवलंबून असतात.

पुष्कळ व्हिडिओंत पातें आधींच धारदार असतें, फळी आधींच सपाट असते, आणि दोन क्षणांत गुळगुळीत पृष्ठभाग चमकूं लागतो. हें प्रदर्शन झालें, शिक्षण नव्हे. हत्यार विकणाऱ्याला तें पुरतें. शिकणाऱ्याला पुरत नाहीं. त्याला पाहावयाचें असतें तें नेमकें गाळलेलेंच: पातें दगडावर किती तिरपें धरलें, लाकडाचे तंतू कोणत्या बाजूस वळले आहेत हें कसें ओळखलें, आणि पटाशी घसरली तर दुसरा हात कोठें असावयास हवा होता.

वर संगीत वाजविण्याची हौस तर फारच घातक. मी नभोवाणीवरून बोलत आहें. रंधा आपणांस दाखवूं शकत नाहीं. पण त्याचा आवाज आपणांपैकीं अनेकांनीं घरीं दारें-खिडक्या होत असतांना ऐकला असेल. तंतूंच्या दिशेनें चाललेल्या धारदार पात्याचा आवाज सलग, सळसळता येतो; उलट दिशेनें चाललेलें पातें अडखळतें, खरखरतें. जाणता कारागीर कानानेंही काम करतो. संगीतानें तो कानच बंद होतो.

म्हणून असे व्हिडिओ करणारांस एकच विनंति आहे. कॅमेरा कोठें ठेवावा हें ठरवितांना वऱ्हाडांतल्या त्या जुन्या सुताराची ओसरी आठवावी. बापाच्या शेजारीं जेथें मुलगा बसे, तेथेंच तो ठेवावा. आणि धार लावून होईपर्यंत बंद करूं नये.